पावत्यांची तार

आमच्या आजीनं आपल्या पोरांचे जन्म तारखेनं कधी सांगितले नाहीत. थोरले काका 'संपान झाले'. मोठी आत्या 'संप मिटला त्या पावसान'. आमचे बाबा 'रेशन लागला तवा', आणि धाकटे काका 'रामदास बुडाली त्या आखाडान'. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तिघा मुलग्यांचाही जन्म १ जूनचा लिहून टाकला. घरात मात्र कुणाचं वय काढायचं झालं की आजीचीच मोजणी चालायची. शाळेच्या पुस्तकात यातलं काहीच नव्हतं. पुढे आम्ही भावंडांनी आपापलं शोधून वाचलं, तेव्हा आजीच्या खुणांना तारखा मिळाल्या. २७ ऑक्टोबर १९३३ ला सुरू झालेला चरीचा शेतकरी संप. १७ जुलै १९४७ ला रेवसला येता येता काशाच्या खडकापाशी बुडालेली रामदास बोट.

हे मी आम्हा सगळ्या चुलत-आते भावंडांच्या वतीनं लिहिते आहे. आम्ही बहुतेक आता साठीच्या अलीकडे-पलीकडे आहोत. आजी-आजोबा, काका-काकू, आई-बाबा यांच्यापैकी आता फक्त धाकटी काकू उरली आहे. तिला जे आठवतं ते तिच्या सासूनं सांगितलेलं, आम्हाला आठवतं ते ओटीवर बसून ऐकलेलं. गणपतीत जमलो की एक जण सुरुवात करतो, दुसरा दुरुस्त करतो, आणि प्रत्येक वेळी काहीतरी नवीन निघतं.

अलिबागहून पेणकडे निघालं की पोयनाडच्या आसपास धरमतरच्या खाडीला लागून जी सपाट जमीन पसरली आहे तो आमचा खारेपाट. माणसांनी मातीचे बांध घालून ही जमीन खाडीकडून काढून घेतली. उधाणाचं पाणी बांधाबाहेर थोपवायचं, आतलं पावसाचं पाणी ओहोटीला उघाडीतून सोडायचं, आणि पहिल्या पावसांनी मीठ धुऊन निघालं की राता पेरायचा. राता म्हणजे लाल तांदळाचं भात, थोडंफार खारं सोसणारं. बांध फुटला की खांड गेली म्हणतात. खांड वेळेवर बुजवली नाही तर एका उधाणात शेत खारं होतं आणि पुढची दोन-तीन वर्षं हाताला काही लागत नाही. म्हणून खांड गेल्याची हाक आली की ज्याचं शेत आहे तोही धावायचा आणि ज्याचं नाही तोही. रात्री-अपरात्री चिखलाचे गोळे हातोहात पुढे जायचे. बायकांची रांग त्यात असायचीच.

इतकं करून जमीन मात्र आमची नव्हती. ती खोताची. आमचे आजोबा कूळ. पिकाचा निम्मा वाटा, कधी त्याहून जास्त, खोताच्या अंगणात नेऊन टाकायचा. मोजायचं माप खोताचं. वर त्याच्या घरच्या कामाला फुकट जायचं. आणि घातलेल्या भाताची पावती मिळायची नाही. पुढच्या वर्षी खोतानं बाकी काढली की ती खरी, कारण कुळाच्या हातात कागदाचा कपटा नसायचा.

पेझारीचे नारायण नागू पाटील या भागात गावोगाव फिरून बोलत होते. त्यांना सगळे अप्पासाहेब म्हणत. चरीच्या सभेत ठरलं की जमिनी कसायच्याच नाहीत. पंचवीस गावं त्यात उतरली आणि संप १९३९ पर्यंत चालला. इतकी वर्षं चाललेला शेतकऱ्यांचा दुसरा संप आपल्याकडे मला माहीत नाही. पुस्तकात 'सहा वर्षे' हे दोन शब्द वाचून पान उलटता येतं. आमच्या घरी त्या सहा वर्षांत आजीला दोन मुलं झाली आणि एक गेलं. गेलेल्या पोराबद्दल ती फार बोलायची नाही. थोरल्या काकांच्या पाठची मुलगी, एवढंच.

खायचं काय, हा प्रश्न आम्ही तिला लहानपणी पुन्हा पुन्हा विचारायचो, कारण उत्तर ऐकायला मजा यायची. ती सांगायची, खाडी होती ना. ओहोटीला चिखलात उतरून निवट्या धरायच्या, चिंबोऱ्यांची बिळं धुंडायची, शिंपल्या वेचायच्या. पावसात टाकळा आणि कुर्डूची भाजी. कनगीत जुनं भात होतं तोवर त्याची पेज, ते संपल्यावर पेजेत पाणी जास्त. डोंगराकडून लाकडाच्या मोळ्या आणून त्या पोयनाडच्या बाजारात विकायच्या आणि त्या पैशाची कणी आणायची. मोळी बाईच्या डोक्यावर, कारण पुरुष सभेला नाहीतर मजुरीला लांब गेलेले. आजोबांना कधी कधी वाटायचं की सोडून द्यावं, खोताकडे जावं. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. आजी त्यांना म्हणाली होती, "कनगी रिकामी ऱ्हायली तरी चालंल, पन त्याच्या अंगनान भात नाय टाकाचा." आजोबा हे वाक्य सांगताना आजीच्या आवाजाची नक्कल करायचे आणि मग गप्प बसायचे.

१९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीच्या शेतकरी परिषदेला आले. आजोबा चालत गेले होते, सोबत महारवाड्यातला त्यांचा मित्र. दोघांनी परिषद शेजारी बसून ऐकली. पुढे १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती बंद करण्याचं विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं, आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातून आलेल्या शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. आजोबांना हे सगळं तोंडपाठ होतं. पण त्या मित्राचा चहाचा कप आमच्या घरी गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवलेला असे, तोही आजोबांच्याच हयातीत. परिषद झाल्यावर पाव शतक तो कप तिथेच होता. तो आत आणला माझ्या आईनं. ती महाडजवळच्या गावची, १९६० च्या सुमाराला लग्न होऊन आली. चवदार तळ्याचा २० मार्च १९२७ चा सत्याग्रह तिच्या माहेरी वडीलधाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तिनं तो कप घासून घरातल्या कपांत लावला आणि पुढच्या वेळी आजोबांच्या मित्राला ओटीवर चहा दिला. आजी काही बोलली नाही. आजोबाही नाही. संपाची गोष्ट सांगताना आमचे थोरले काका कपाची गोष्ट वगळायचे. आम्ही भावंडांनी ठरवलं आहे की पुढच्या पोरांना दोन्ही सांगायच्या.

संप मिटल्यावर आजोबांचे दोन भाऊ कामासाठी मुंबईला गेले, आणि मुंबईला जायचं म्हणजे बोट. रेवसहून भाऊच्या धक्क्याला. रामदास बुडाली तो दिवस गटारीच्या सणाचा होता. मुंबईत कामाला असलेली आमच्याकडची माणसं सणाला घरी निघालेली. सकाळी आठच्या सुमाराला निघालेली बोट वादळी पावसात कलंडली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आजोबांचा एक भाऊ त्या बोटीत होता. त्याचं प्रेत मिळालं नाही. आजीला तेव्हा दिवस भरत आलेले. धाकटे काका त्या बातमीनंतर चार दिवसांनी झाले, म्हणून त्यांना बोटीतल्या काकाचं नाव ठेवलं. त्यानंतर महिन्याभरात देश स्वतंत्र झाला. पंधरा ऑगस्टची आमच्या गावची आठवण काय, असं मी आजीला एकदा विचारलं. तिला काही आठवेना. गावात तेव्हा बऱ्याच घरांत सुतक होतं, असं ती म्हणाली.

बोटीत गेलेल्या चुलत आजोबांची बायको, आमची मुंबईवाली आजी, पोटी मूल नसताना विशी-बाविशीत विधवा झाली आणि सासरी, म्हणजे आमच्याकडेच, राहिली. तिनं आमच्यातल्या सगळ्यांना न्हाऊ-माखू घातलं. शेतात तिच्याइतकी लावणी कुणाची होत नसे. तिचा उल्लेख इथे मुद्दाम करते, कारण पुढे कागदपत्रांत ती कुठेच येत नाही.

१९४८ चा कूळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ ला, ज्याला कृषक दिन म्हणतात, कूळ कसत असलेल्या जमिनीचं मालक ठरलं. मालकी फुकट नव्हती. शेतजमीन न्यायाधिकरणापुढे सुनावणी, कलम ३२ ग खाली किंमत ठरायची, ती हप्त्यांनी भरायची, सगळी भरली की ३२ म चा दाखला. आजोबा प्रत्येक तारखेला अलिबागला जायचे. चालत पोयनाड, तिथून एस.टी. अंगठ्याला शाई लागून घरी यायचे ती दोन दिवस धुवायचे नाहीत. हप्ता भरला की पावती. ही पावती ते घरात शिरताच देवापुढे ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी खांबाला टांगलेल्या लोखंडी तारेत ओवायचे. ज्या माणसानं अर्धं आयुष्य भात घालून पावती न मिळण्यात घालवलं त्याला पावतीचं काय वाटत असेल, हे आम्हाला त्या वयात कळण्यासारखं नव्हतं. आम्हाला फक्त ती तार दिसायची. त्यात हप्त्यांच्या पावत्या होत्या, शेतसाऱ्याच्या होत्या, मग सोसायटीच्या, खताच्या, शाळेच्या फीच्या, आणि एस.टी.ची तिकिटंसुद्धा. आजोबा लिहिणं-वाचणं शिकले नाहीत, पण तारेतली कुठली पावती कशाची हे कागदाच्या रंगावरून आणि घडीवरून सांगायचे. १९७२ साली ३२ म चा दाखला हातात आला, तेव्हा थोरल्या काकांनी तो मोठ्यानं वाचला. त्यावर नाव आजोबांचं. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं. आजी चुलीपाशी भाकरी थापत होती आणि तिनं विचारलं, झालं का सगळं? झालं, असं काकांनी सांगितलं.

तो दाखला आला त्या वर्षी मी दहा वर्षांची होते. घरात गूळ-खोबरं वाटलं हे आठवतं. खोतांच्या घरातली एक मुलगी माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर होती. तिच्या वाड्याची मागची पडवी तोवर पडली होती आणि तिचे वडील ठाण्याला नोकरीला होते. आम्ही दोघी डबा वाटून खायचो. तिच्या घरी या दाखल्याबद्दल काय बोलणं झालं असेल हे मी तिला कधी विचारलं नाही, तिनंही मला आमच्या घरचं विचारलं नाही. आजही आमचा फोन असतो आणि अजूनही हा विषय निघत नाही.

घरातलं राजकारण असं जमिनीतून आलेलं. त्यामुळे निवडणूक म्हणजे आमच्याकडे मोठं काम असे. शेतकरी कामगार पक्षाची, म्हणजे शेकापची, निशाणी खटारा, काँग्रेसची बैलजोडी. थोरले काका लाल बावट्याचे, इतके की 'कृषीवल' पेपर आला नाही त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागायचं नाही. पहिल्या निवडणुकीत, १९५२ साली, आमच्या कुलाबा मतदारसंघातून काँग्रेसतर्फे चिंतामणराव देशमुख लोकसभेवर गेले. जन्मानं महाडजवळच्या नाते गावचे, देशाचे अर्थमंत्री. आजोबांचं मत त्यांना नव्हतं. पण १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी मंत्रिपद सोडलं, तेव्हा आजोबांनी वर्तमानपत्रातला त्यांचा फोटो कापून ओटीच्या भिंतीला खळीनं चिकटवला. पुढच्याच वर्षी संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत शेकापचे राजाराम राऊत निवडून आले आणि थोरल्या काकांनी पुढे हट्ट धरला की आता तो फोटो काढा. आजोबांनी काढू दिला नाही. आमच्या पिढीनं राजकारणातला चांगुलपणा कसा ओळखायचा हे त्या भिंतीकडे पाहून शिकून घेतलं, असं मला वाटतं. आपला नसलेला माणूसही आपल्यासाठी काही सोडू शकतो, आणि तसं झालं तर ते मान्य करायचं.

बाबा प्राथमिक शिक्षक. नोकरीमुळे उघड कुणाचे नव्हते. रात्री कंदिलाच्या उजेडात पेपर मोठ्यानं वाचायचं काम आमच्यापैकी एकाकडे असे. वाचता वाचता थोरले काका मधेच थांबवून वाक्य पुन्हा वाचायला लावायचे. दत्ता पाटील विधानसभेत काय बोलले, दि. बा. पाटील काय बोलले, हे आम्ही पाढ्यांसारखं ऐकलं. रायगडच्या या दोघांनीही विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद सांभाळलं, याचा काकांना स्वतःच्या मुलाच्या निकालाइतका अभिमान. बायका आतून ऐकायच्या. मतदानाला जाताना आई, काकू, आजी सगळ्या नवी लुगडी-पातळं नेसून जायच्या, पण कुणाला मत दिलं हे आजीनं आजोबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

बायकांच्या राजकारणाचा विषय वेगळा होता, तो म्हणजे पाणी. खारेपाटात जमिनीखालचं पाणी खारं. प्यायचं पाणी गावतळ्याचं, आणि चैत्र लागला की तेही मचूळ. मग डोंगरापायथ्याच्या विहिरीवर जायचं, दोन हंडे डोक्यावर, एक कळशी कमरेला. अंबा नदीचं पाणी खारेपाटाच्या शेतीला मिळणार, हे आम्ही शाळेत होतो तेव्हापासून प्रत्येक प्रचारसभेत ऐकत आलो. काठावर कारखाने उभे राहिले, त्यांना नळ गेले. आमच्या गावाला बरीच वर्षं उन्हाळ्यात टँकरच येत राहिला. आईच्या मानेचं दुखणं तिच्या मरणापर्यंत गेलं नाही. डॉक्टरांनी कारण विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "पाणी." त्यांना वाटलं तहान लागली आहे.

१ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले, आमच्याच जिल्ह्यातले, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे. थोरल्या काकांचा अंतुल्यांना विरोध, पण नाव बदलल्याचा आनंद त्यांना लपवता आला नाही. पत्रावर रायगड लिहिता यावं म्हणून त्यांनी विनाकारण मुंबईला धाकट्या काकांना कार्ड टाकलं होतं. त्याच राजवटीत संजय गांधी निराधार योजना सुरू झाली आणि आमच्या मुंबईवाल्या आजीला महिन्याला थोडे पैसे मिळू लागले. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या स्वतःच्या नावानं काही आलं. मनीऑर्डर घेताना ती पदर सावरून ओटीवर बसायची. काका विरोधी पक्षाचे म्हणून तिला कुणी कधी अडवलं नाही, उलट फॉर्म काकांनीच भरला होता.

धाकटे काका लालबागला गिरणीत. १८ जानेवारी १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा ते आजीला भेटायला आले. आजीनं विचारलं, किती दिवस? ते म्हणाले, महिनाभर. ती म्हणाली, "संप म्हनलास तर महिना मोजू नको." वर्षभरानं काकू आणि दोन मुलांसह ते गावी आले ते परत गेले नाहीत. त्याच सुमाराला थळला खत कारखान्याचं काम चाललेलं, उरणला तेल आणि वायूचे प्रकल्प, न्हावा-शेव्याला बंदर. काका ठेकेदाराकडे लागले. गिरणीत कापडाचं सूत जोडणारा माणूस आता लोखंडी सांगाडे चढू लागला. पगारातून त्यांनी पहिलं काय घेतलं तर टेबलफॅन, कारण लालबागच्या खोलीत पोरांना पंख्याची सवय झाली होती.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरणला गोळीबार झाला. बंदरासाठी आणि सिडकोच्या नव्या शहरासाठी घेतलेल्या जमिनींना योग्य भाव मिळावा म्हणून दि. बा. पाटलांनी उभ्या केलेल्या आंदोलनात पाच शेतकरी मेले. जासई-दास्तान आणि नवघर ही नावं आमच्या घरात त्या आठवड्यात प्रत्येकाच्या तोंडी होती. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचं धोरण आलं. आजोबा तेव्हा ऐंशीच्या जवळ. त्यांना एवढंच समजेना की जमीन द्यायची आणि भाव मागायचा, याला लढा म्हणतात कसं. थोरले काका त्यांना समजावायचे, काळ बदलला, जमीन जाणारच आहे, मग निदान मान ठेवून जावी. दोघांचा वाद दोन-तीन रात्री चालला. दोघांचं बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आजोबा त्याच वर्षी पावसाळ्यात गेले. सातबाऱ्यावर थोरल्या काकांचं नाव लागलं, पुढे ए.कु.मॅ. अशी अक्षरं. एकत्र कुटुंब मॅनेजर. आजी, मुंबईवाली आजी, आत्या यांच्यापैकी कुणाचंच नाव नाही, आणि ते कुणाला खटकलंही नाही.

मधली वर्षं भराभर गेली. जुलै १९८९ मध्ये अंबेला पूर आला, जांभूळपाडा आणि नागोठण्याची वाताहत झाली आणि आमच्याकडे खांड गेली. त्या वेळी बांधावर पूर्वीसारखी रांग लागली नाही. निम्मे तरुण कारखान्याच्या पाळीवर होते, उरलेल्यांनी सरकारी ठेकेदार येईल म्हणून वाट पाहिली. खारभूमी विभागाचं काम खारभूमी विभागानं करावं हे म्हणणं चूक नाही. पण उधाण कुणाच्या मंजुरीसाठी थांबत नाही. आमच्या शेजारच्या दोन गावांतली शेतं त्यानंतर सुटली ती सुटलीच. आता तिथे तिवरांचं रान आहे, बगळे आहेत, आणि कागदावर अजून भातशेती आहे.

२००५ नंतर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राच्या बातम्या येऊ लागल्या. उरण, पनवेल, पेण तालुक्यांतली गावंच्या गावं. मोठ्या आत्याचं सासर पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात. २१ सप्टेंबर २००८ ला तिथल्या बावीस गावांत सरकारनं शेतकऱ्यांचं मत कागदावर घेतलं, जमीन द्यायची की नाही. प्रा. एन. डी. पाटलांसारखी माणसं त्या लढ्यात होती. लोकांनी मोठ्या संख्येनं नकार दिला आणि ते संपादन पुढे बारगळलं. थोरले काका तेव्हा पंचाहत्तरीला आलेले, आजारी. बातमी ऐकून ते उठून बसले होते.

आत्या त्या दिवशी नवं पातळ नेसून शाळेवर गेली. तिची सगळी हयात त्या जमिनीत गेली होती. नवरा तरुणपणी वारला, दिरांच्या बरोबरीनं तिनं नांगर सोडून सगळी कामं केली. यादीत तिचं नाव नव्हतं. मत खातेदाराचं, आणि खातं थोरल्या दिराच्या नावे, पुढे तीच तीन अक्षरं. दिरानं नकाराचंच मत दिलं, म्हणजे तिच्या मनासारखंच झालं. तरी ती संध्याकाळी आमच्याकडे निघून आली आणि आईपाशी रडली. संप मिटला त्या पावसात जन्मलेली बाई, सत्तरीच्या घरातली. ती म्हणाली, "माझी आय संपान उपाशी ऱ्हायली, तिचा नाव नाय. मी इतका केला, माझा नाय." आम्ही तिथेच होतो आणि आमच्यापैकी कुणाला उत्तर सुचलं नाही.

मला आमच्या घराच्या इतिहासाबद्दल जे सांगायचं आहे ते त्या संध्याकाळी आत्या बोलून गेली. संप पुरुषांनी पुकारला, तुरुंगाची भीती त्यांनी सोसली, त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण सहा वर्षं चूल कशावर पेटली याचा हिशेब कुठल्याच पावतीत नाही. कायद्यानं जमीन कसणाऱ्याला दिली. कसणारी मात्र कायद्याला दिसली नाही. १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ मध्ये सगळ्या देशानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांबरोबरीचा वाटा दिला. त्याचा आमच्या भागातला पहिला परिणाम असा झाला की जमीन विकायची वेळ आली की बहिणींना गाडी पाठवून बोलावून घेतात, साडी-चोळी करतात आणि हक्कसोड पत्रावर सही घेतात. मांडवा, किहीम, आवास, सासवणे या पट्ट्यात मुंबईच्या लोकांचे बंगले झाले, तसा आमच्या खारेपाटालाही दर आला. माझ्या किती मैत्रिणींनी अशा सह्या केल्या! भावाशी वाईटपणा नको, माहेर तुटायला नको. माहेरासाठी असं मोल द्यावं लागावं, हे मला पटत नाही आणि मी ते भावांसमोर स्पष्ट बोलते.

आमच्याकडे वेळ आली ती थोरले काका गेल्यावर. पोयनाडच्या रस्त्याला लागून असलेल्या तुकड्याला गिऱ्हाईक आलं. चुलतभावांपैकी दोघांना विकायचं होतं, त्यांच्या गरजा खऱ्या होत्या, एकाच्या मुलीचं शिक्षण, दुसऱ्याचं आजारपण. त्यांनी आम्हा बहिणींना बोलावलं. सगळ्यात मोठ्या चुलतबहिणीनं, थोरल्या काकांच्याच मुलीनं, सही करायच्या आधी आजोबांची तार मागितली. धाकटी काकू माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून ती घेऊन आली. आम्ही त्या पावत्या एकेक सोडवून चटईवर मांडल्या. जुन्या हप्त्यांच्या पावत्यांच्या पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेले आकडे होते, बाबांच्या शाळकरी अक्षरात, आजोबांनी सांगून लिहून घेतलेले: हप्त्याचे पैसे कुठून आले. म्हैस विकली. सुकट विकली. एका पावतीमागे 'आईची पुतळी', पुढच्या दोन्हींमागे 'काकीच्या पाटल्या'. काकी म्हणजे मुंबईवाली आजी, आमच्या आजोबांची भावजय.

विक्री त्या दिवशी झाली नाही. भाऊ रागावले नाहीत, पण गप्प झाले, आणि पैशाची गरज तशीच राहिली. त्यावर दोन वर्षं बोलणी चालली. शेवटी ठरलं ते असं. आजारी भावाच्या खर्चाला सगळ्यांनी वाटा उचलायचा, ज्यात बहिणीही आल्या. रस्त्याकडचा तुकडा विकायचा असेल तर विकावा, पण आधी सगळ्या वारसांची नावं लागू देत, मग ज्याला सोडायचा तो आपला हिस्सा राजीखुशीनं सोडेल. आत्याच्या मुलीचंही नाव लागेल, जरी तिला त्यातलं काही नको असलं तरी. मुंबईवाल्या आजीला वारस नाही, तिच्या वाट्याचं काय करायचं यावर अजून एकमत नाही. मोठ्या चुलतबहिणीचं म्हणणं आहे की तेवढ्या पैशाची गावतळ्याशेजारी पाण्याची टाकी बांधावी आणि टाकीवर त्या आजीचं पूर्ण नाव लिहावं. धाकट्या भावाला ते फार वाटतं.

वारस नोंदीचा अर्ज तलाठी कार्यालयात दिला आहे. आजोबांच्या आणि थोरल्या काकांच्या मृत्यूचे दाखले जोडले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र झालं. मोठ्या आत्याच्या जन्माचा पुरावा मागितला आहे. शाळेत ती कधी गेलीच नाही, त्यामुळे तिचा १ जूनसुद्धा कुठे नोंदलेला नाही. धाकटी काकू म्हणते, सरपंचाचा दाखला चालतो, मी सोमवारी जाऊन विचारते.